प्राणी, वनस्पती की तिसरेच काही? जीवाणूंच्या जागेचा साडेतीनशे वर्षांचा वाद

इ.स. १६७६ चा एप्रिल महिना. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरात आंतोन व्हान लेव्हेनहूक हे कापडाचे व्यापारी एका साध्या प्रश्नाच्या मागे लागले होते : मिरी तिखट का लागते? मिऱ्याच्या कणांना अतिसूक्ष्म काटे असावेत आणि तेच जिभेला टोचत असावेत, अशी त्यांची अटकळ होती. दाणे मऊ पडावेत म्हणून त्यांनी ते पाण्यात भिजत घातले आणि सुमारे तीन आठवड्यांनी त्या पाण्याचा थेंब स्वतः घासून तयार केलेल्या भिंगाखाली धरला. काटे काही सापडले नाहीत. थेंबात मात्र असंख्य जीव वळवळत होते. त्यांतील काही इतके लहान होते की, असे शंभर जीव एकापुढे एक मांडले तरी वाळूच्या एका भरड कणाची लांबी भरणार नाही, असा हिशेब त्यांनी केला.

त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला दीर्घ पत्र लिहिले. लेव्हेनहूक यांना लॅटिन येत नव्हते; पत्र डच भाषेत होते. विद्वानांच्या सभेने एका दुकानदाराच्या शब्दावर लगेच विश्वास ठेवावा, अशी तेव्हाची रीत नव्हती. मग डेल्फ्टमधील आठ प्रतिष्ठित गृहस्थांनी, त्यांत धर्मोपदेशकही होते, आपण हे जीव डोळ्यांनी पाहिल्याची लेखी साक्ष दिली. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी लंडनमध्ये तोच प्रयोग करून सभेला ते जीव दाखवले. पुढे १६८३ मध्ये लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या दातांवरचा मळ तपासला आणि निष्कर्ष काढला की, आपल्या एका तोंडात जेवढे जीव राहतात तेवढी माणसे साऱ्या डच देशातही नाहीत.

या पत्रांत त्यांनी जो शब्द वापरला, त्याचा अर्थ होता ‘छोटे प्राणी’. कारण सरळ होते. ते हलत होते, आणि जे आपणहून हलते ते प्राणी, असा ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला समज होता. जीवाणूंच्या जागेविषयीचा वाद या एका शब्दापासून सुरू झाला. वरवर तो पंडितांचा पोथीवाद वाटतो. पण हे जीव कोण आहेत याचे उत्तर ठरल्याशिवाय साथीचे रोग कशाने होतात, मेलेले शरीर का कुजते, पीक घेऊनही माती पुन्हा सुपीक कशी होते, यांपैकी एकाही प्रश्नाला हात घालता येणार नव्हता.

सुमारे नव्वद वर्षांनी स्वीडनमधील उप्साला येथे कार्ल लिनीअस साऱ्या सृष्टीची नोंदवही तयार करत होते. प्रत्येक प्राण्याला, प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव आणि ठरलेले घर. ‘सिस्टिमा नॅचुरी’ या त्यांच्या ग्रंथाच्या १७६६-६७ च्या बाराव्या आवृत्तीत या सूक्ष्म जीवांची वेळ आली, तेव्हा त्यांनी ते कृमींच्या वर्गात शेवटी एका गटात ढकलले. त्या गटाचे नाव होते ‘केऑस’, म्हणजे गोंधळ. पुरळ आणणाऱ्या तापांचे कारण, आंबण्या-कुजण्यामागचे कारण अशा काही संशयास्पद गोष्टींची नोंदही त्यांनी तिथेच केली आणि त्यांचा निवाडा पुढच्या पिढ्यांवर सोपवला. सृष्टीला शिस्त लावणाऱ्या माणसाने एका कप्प्यावर ‘गोंधळ’ अशी चिठ्ठी लावावी, यात प्रामाणिकपणा मोठा आहे.

पुढच्या पिढ्या मात्र एवढ्या सावध नव्हत्या. बर्लिनचे ख्रिस्तिआन एहरेनबर्ग यांनी १८२८ मध्ये ‘बॅक्टेरियम’ हे नाव योजले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ छोटी काठी. १८३८ मध्ये त्यांनी सूक्ष्म जीवांवर एक भव्य सचित्र ग्रंथ काढला आणि हे जीव म्हणजे सर्व अवयवांनी परिपूर्ण असे प्राणी आहेत, असे ठासून सांगितले. त्यांच्या प्रयोगाची युक्ती चांगली होती. पाण्यात नीळ आणि किरमिजी रंग कालवला की मोठ्या सूक्ष्म जीवांच्या शरीरात रंगीत गोल ठिपके दिसत. एहरेनबर्ग यांना त्या ठिपक्यांत पोटे दिसली, एकेका जीवाला अनेक पोटे. काड्यांसारख्या जीवाणूंत असे काही दिसत नव्हते. पण दिसत नाही ते भिंग कमी पडते म्हणून, असे त्यांचे मत होते. निरीक्षण अचूक आणि अर्थ चुकीचा, याचे इतके ठळक उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचित सापडेल.

जीवाणूंना प्राण्यांच्या राज्यातून बाहेर काढले ते ब्रेस्लाऊच्या फेर्डिनांड कोन यांनी. हे शहर तेव्हा प्रशियात होते; आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ ते हेच. कोन ज्यू असल्यामुळे त्यांच्याच शहरातील विद्यापीठाने त्यांना पदवी नाकारली. ती त्यांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बर्लिनमधून मिळवली आणि मग परत येऊन आयुष्यभर ब्रेस्लाऊतच काम केले. कोन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८५० च्या दशकात त्यांनी दाखवले की, जीवाणूंची घडण आणि वाढ शेवाळांसारखी, विशेषतः निळ्या-हिरव्या शेवाळांसारखी आहे. तेव्हा हे जीव हलत असले तरी वनस्पतींच्याच राज्यातले होत. थोड्याच वर्षांत म्यूनिकचे कार्ल नेगेली यांनीही त्यांना वनस्पतींतच, पण बुरशीच्या जवळ बसवले. तेव्हा बुरशीही वनस्पतींतच मोजली जाई. आतड्यातील जीवाणूंना डॉक्टर आजही ‘फ्लोरा’ म्हणतात, ते या काळाचे उरलेले चिन्ह. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवता!

राज्याबाबत कोन आणि नेगेली यांचे जमले, पण त्यापुढच्या प्रश्नावर दोघांत उभा दावा होता. जीवाणूंत आंब्या-फणसासारख्या ठाम, वेगवेगळ्या जाती असतात का? नेगेली म्हणत, नाही. आज गोल दिसणारा जीव उद्या काडीसारखा होईल, आज दूध नासवणारा उद्या रोग पसरवील. हजारो नमुने तपासूनही त्यांची दोन जातींत विभागणी करण्याचीही गरज आपल्याला वाटली नाही, असे त्यांनी १८७७ मध्ये लिहिले. कोन यांनी १८७२ मध्ये याच्या नेमकी उलट भूमिका घेऊन जीवाणूंची आकारावरून चार गटांत मांडणी केली होती आणि प्रत्येक गटात निश्चित जाती सांगितल्या होत्या.

नेगेली खरे ठरले असते तर एका रोगाचा एक जंतू ही कल्पनाच जन्मली नसती. कॉलऱ्याचा जंतू आणि दह्याचा जंतू हे एकाच जीवाचे दोन अवतार असतील, तर रोगाचे निदान कशाच्या आधारे करायचे आणि लस कोणाविरुद्ध बनवायची? योगायोग असा की, ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यांवरील आपले प्रयोग ज्या एका मोठ्या शास्त्रज्ञाला सविस्तर कळवले, तेही नेगेलीच. तिथेही त्यांना महत्त्व उमगले नाही. दोन मोठ्या शोधांच्या दाराशी उभे राहून दोन्ही वेळा पाठ फिरवणारा माणूस मूर्ख नसतो, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. नेगेली त्या काळातील अव्वल वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी एक होते. शुद्ध वाण वेगळे काढून वाढवण्याची पद्धत तेव्हा नव्हती. एकाच भांड्यात दहा जाती मिसळलेल्या असत आणि आज एक वरचढ, तर उद्या दुसरी. पाहणाऱ्याला वाटे, एकच जीव रूप पालटतो आहे.

एप्रिल १८७६ मध्ये कोन यांना एका अनोळखी डॉक्टराचे पत्र आले. व्होलश्टाइन या लहानशा गावात सरकारी डॉक्टर असलेल्या त्या बत्तीस वर्षांच्या माणसाने गुरांना आणि माणसांना होणाऱ्या काळपुळीच्या रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, जीवाणू ओळखल्याचा दावा केला होता. त्याचे नाव रॉबर्ट कॉख. असे दावे कोन यांच्याकडे नेहमी येत. तरीही त्यांनी त्याला बोलावले. ३० एप्रिलला कॉख आपले सूक्ष्मदर्शक आणि उंदीर घेऊन ब्रेस्लाऊला पोहोचले आणि तीन दिवस त्यांनी प्रयोग करून दाखवले. काडीसारखा जीवाणू लांब धाग्यात वाढतो, धाग्यात बीजाणू तयार होतात, ते बीजाणू कोरडेपणात टिकून राहतात आणि पुन्हा रुजले की त्यांतून तोच काडीसारखा जीवाणू बाहेर पडतो. दुसरा कोणताही नाही. रूप बदलते, पण ठरलेल्या फेऱ्यात आणि एकाच जातीच्या आत. कोन यांनी स्वतः दुसऱ्या एका निरुपद्रवी जीवाणूत असेच बीजाणू पाहिले होते; त्यांना पटायला वेळ लागला नाही.

त्याच वर्षी हा शोधनिबंध छापून आला तो कोन यांच्या नियतकालिकात, आणि त्या नियतकालिकाचा विषय होता वनस्पतींचे जीवशास्त्र. रोगजंतूच्या सिद्धांताचा एक पाया असा फुलापानांच्या मासिकात घातला गेला. पुढे कॉख यांनी क्षयाचा जीवाणू १८८२ मध्ये शोधला आणि घन माध्यमावर शुद्ध वाण वाढवण्याची रीत रूढ केली. त्यानंतर नेगेली यांची बाजू उरली नाही.

रोगजंतूंच्या या गाजावाजात कोन यांचे दुसरे म्हणणे झाकले गेले. १८७२ च्या सुमारास सामान्य वाचकांसाठी लिहिताना त्यांनी मांडले होते की, जीवाणूंनी मृत देह कुजवले नसते, तर सृष्टीतील सारे जीवनद्रव्य मेलेल्या शरीरांत अडकून पडले असते आणि नव्या जीवासाठी काही उरलेच नसते. जीवाणू हे सृष्टीच्या व्यवहारातील आवश्यक घटक आहेत, हा विचार कीव्हमध्ये जन्मलेल्या सर्गेई व्हिनोग्राड्स्की यांनी पुढे नेला. १८८७ मध्ये स्ट्रासबर्ग येथे त्यांनी गंधकाच्या झऱ्यांत राहणारे जीवाणू अभ्यासले. हे जीव गंधकाच्या विषारी वायूचे ज्वलन करून त्यावर जगत होते. नंतर झुरिकमध्ये त्यांनी अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू वेगळे काढले. त्यांना अन्नासाठी सूर्यप्रकाश नको, दुसऱ्या जीवाचे शरीर नको, हवेतील कार्बन डायऑक्साइड पुरे. याच सुमारास मार्टिनुस बायरिंक या डच शास्त्रज्ञांनी द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून हवेतला नायट्रोजन बांधणारा जीवाणू मिळवला. पुढे ते डेल्फ्टला प्राध्यापक झाले. लेव्हेनहूक यांच्याच गावात.

वनस्पती प्रकाशावर जगतात, प्राणी दुसऱ्यांना खाऊन जगतात. मग दगडातील रसायनांवर जगणारा हा जीव कोणत्या राज्याचा? एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्येच वनस्पती आणि प्राणी यांच्या जोडीला तिसरे राज्य कल्पिले होते आणि त्याच्या तळाशी ‘मोनेरा’ नावाचे, केंद्रकही नसलेले आदिजीव ठेवले होते. या कल्पनेने काही काळ भलतीच धावही घेतली. समुद्रतळाच्या चिखलात सापडलेल्या एका चिकट पदार्थाला १८६८ मध्ये थॉमस हक्स्ली यांनी आदिजीव ठरवून हेकेल यांचे नाव दिले. सात वर्षांनी ‘चॅलेंजर’ जहाजावरील रसायनतज्ज्ञाने दाखवले की, नमुना टिकवण्यासाठी बाटलीत अल्कोहोल ओतले की समुद्राच्या पाण्यातून हा ‘जीव’ साक्याच्या रूपाने तयार होतो! हक्स्ली यांनी चूक मान्य केली. ‘मोनेरा’ हे नाव मात्र टिकले. रॉबर्ट व्हिटाकर यांच्या १९६९ च्या पंचसृष्टी पद्धतीतून ते मराठी शाळांच्या पाठ्यपुस्तकांतही आले.

दरम्यान ‘जीवाणू म्हणजे काय’ याची धड व्याख्याही कोणाला करता येत नव्हती. फ्रेंच संशोधक एदुआर शातों यांनी १९२० च्या दशकात केंद्रक असलेल्या आणि नसलेल्या पेशींसाठी दोन शब्द दिले, मराठी पुस्तकांतील दृश्यकेंद्रकी आणि आदिकेंद्रकी. रॉजर स्टॅनियर आणि कॉर्नेलिस व्हान नील यांनी १९६२ मध्ये हीच विभागणी हाती घेऊन व्याख्या मांडली आणि इतकी वर्षे ती नसणे ही या शास्त्राला लाज आणणारी गोष्ट होती, अशा आशयाची कबुलीही दिली. त्या व्याख्येचा गाभा नकारात्मक होता : ज्यांना केंद्रक नाही ते सारे आदिकेंद्रकी, आणि म्हणून एकमेकांचे सगे. पण एखादी गोष्ट नसणे हा नात्याचा पुरावा होऊ शकतो का? साप आणि गांडूळ दोघांनाही पाय नाहीत. तेवढ्यावरून कोणी त्यांना भावकीत बसवत नाही.

हा प्रश्न हट्टाने विचारला तो अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या कार्ल वोज यांनी. ते शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ होते आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या परंपरेचे ओझे त्यांच्यावर नव्हते. प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिने घडवणारे रायबोसोम असतात आणि त्यांतील आरएनए हा रेणू पिढ्यानपिढ्या अतिशय सावकाश बदलतो. दोन जीवांच्या या रेणूंतील अक्षरे जितकी वेगळी, तितके त्यांचे नाते दूरचे. तत्त्व सोपे, काम विलक्षण किचकट. किरणोत्सारी फॉस्फरसवर जीवाणू वाढवायचे, रेणू वेगळा काढून विकराने त्याचे तुकडे करायचे, ते पसरवून मोठ्या फिल्मवर काळ्या ठिपक्यांची चित्रे मिळवायची आणि एकेका ठिपक्यावरून तुकड्याची अक्षरे जुळवायची. वोज यांनी सुमारे दहा वर्षे प्रकाशपेटीपुढे उभे राहून हे ठिपके वाचले. विद्यार्थी या कामाला कंटाळत.

१९७६ मध्ये त्याच विद्यापीठातील राल्फ वुल्फ यांच्या प्रयोगशाळेतून त्यांच्याकडे मिथेन तयार करणारा एक सूक्ष्मजीव आला. या गटातील जीव दलदलीत असतात, गाईच्या पोटात असतात; महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत गोबरगॅसच्या टाकीतून चुलीला पोहोचणारा वायू त्यांचीच करणी. ऑक्सिजन त्यांना विषासारखा. सूक्ष्मदर्शकात ते अगदी चारचौघांसारखे जीवाणू दिसतात. पण वोज यांच्या फिल्मवर, तोवर प्रत्येक जीवाणूत हमखास आढळलेले तुकडे गायब होते. त्यांनी प्रयोग पुन्हा केला. तेच उत्तर आले. या गटातील आणखी जीव तपासले, तरी तेच. हे जीव जीवाणू नव्हतेच. जीवाणूंपासून ते जवळजवळ तितकेच दूर होते, जितका माणूस.

नोव्हेंबर १९७७ मध्ये वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि ३ नोव्हेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर जीवसृष्टीच्या तिसऱ्या शाखेची बातमी झळकली. विद्वज्जनांना हा प्रकार आवडला नाही. नोबेल मिळालेले साल्वाडोर लुरिया यांनी वुल्फ यांना दूरध्वनी करून बजावले की, या खुळापासून दूर राहा, नाहीतर नाव घालवून बसाल. जर्मनीत मात्र म्यूनिकचे ओटो कांडलर यांनी वोज यांना उचलून धरले. या जीवांच्या पेशीभित्तिका जीवाणूंहून निराळ्या असल्याचे त्यांना स्वतंत्रपणे दिसले होते. १९९० मध्ये वोज, कांडलर आणि मार्क व्हीलिस यांनी पंचसृष्टीच्या वर तीन अधिक्षेत्रे मांडली : जीवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी. वाघ, वड, अळंबी आणि माणूस हे सारे तिसऱ्या अधिक्षेत्राच्या एका फांदीवरचे काही डहाळे ठरले. उत्क्रांतिशास्त्राचे अध्वर्यू एर्न्स्ट मायर यांना हे अखेरपर्यंत पटले नाही. डोळ्यांना जे सारखे दिसते ते कागदावरच्या अक्षरांवरून इतके वेगळे कसे मानायचे, हा त्यांचा आक्षेप १९९८ मध्येही कायम होता. वोज यांना नोबेल मिळाले नाही. ते २०१२ मध्ये वारले.

माणूस या झाडावर नेमका कुठून फुटला, हे तरीही उरले होते. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये म्हटले होते की, आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका म्हणजे कोणे एके काळी दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच नांदू लागलेले जीवाणू होत. हा निबंध अनेक नियतकालिकांनी नाकारल्यानंतर छापला गेला. पुढच्या दशकात हरितकणू आणि तंतुकणिका यांच्या आरएनएची अक्षरे वाचली गेली, तेव्हा ती जीवाणूंशी जुळली. म्हणजे पाहुणा जीवाणू होता. पण यजमान कोण?

२०१५ मध्ये थिस एट्टेमा यांच्या गटाने आर्क्टिक महासागराच्या तळातील, ‘लोकीचा किल्ला’ नावाच्या उष्ण झऱ्यांजवळच्या गाळातून एका अज्ञात आर्कियाचा जनुकसंच जुळवला. दृश्यकेंद्रकी पेशींतच असतात अशी समजूत असलेली कित्येक जनुके त्यात होती. यावरून, माणसासह सारे केंद्रकधारी जीव आर्कियांच्या शेजारी नव्हे तर त्यांच्या आतल्याच एका फांदीवर उगवले, असे मत बळावले आणि तीन अधिक्षेत्रे की दोनच, हा नवा वाद उभा राहिला. हा गट काम करत होता उप्साला विद्यापीठात. लिनीअस यांनी जिथे बसून ‘केऑस’ लिहिले होते, तिथे.

तो जीव तेव्हा कोणी पाहिला नव्हता; होती ती केवळ अक्षरे. जपानमधील हिरोयुकी इमाची आणि त्यांचे सहकारी २००६ पासून जपानजवळच्या समुद्रात अडीच हजार मीटर खोलीवरून काढलेल्या चिखलावर काम करत होते. सांडपाणी शुद्ध करण्याच्या धर्तीवर उभारलेल्या, स्पंजाचे तुकडे भरलेल्या यंत्रात तो चिखल मिथेनवर वर्षानुवर्षे पोसला गेला. बारा वर्षांनी त्यांतून याच कुळातील एक जीव वेगळा झाला आणि २०२० मध्ये त्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. एका पेशीच्या दोन व्हायला त्याला दोन ते साडेतीन आठवडे लागतात. तो एकटा जगत नाही. मिथेन तयार करणारा दुसरा एखादा सूक्ष्मजीव शेजारी लागतो. पेशी चिमुकली, गोल, आणि तिच्यातून बाहेर निघालेले लांबच लांब, फाटे फुटलेले हात.